सवय होत नाही, उधारी साचते
(धुऱ्यावरच्या गोष्टी)



पोळा तोंडावर आला आहे. घरोघरी झुली बाहेर निघाल्या असतील, शिंगांना लावायचा रंग आणि गळ्यातल्या घुंगरांचे पट्टे यांची बाजारात खरेदी सुरू झाली असेल. या दिवसांत मला २०२२ सालची एक गोष्ट हटकून आठवते. त्या वर्षी जनावरांत लम्पीची साथ आली होती. आमच्या भागात लसीकरणाचा दिवस ठरला, तर सूर्य उगवायच्या आत शाळेच्या मैदानावर गाई-बैलांची रांग लागली. एरवी सभेला बोलावून न येणारी माणसे त्या दिवशी मजुरी बुडवून दोन-दोन तास उभी होती. माझ्या ओळखीचे एक शेतकरी बैलजोडी घेऊन आले होते. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने जड, चार पावले चालले की धाप लागायची. मी सहज विचारले, "भाऊ, बैलाला सुई झाली. तुमची साखर, रक्तदाब कधी तपासला?" ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मले काय धाड भरली साहेब?"

आपले सगळ्यांचे असेच आहे. बियाणे पेरण्याआधी किलोला तीन ग्रॅम थायरम चोळायचे, हे आपल्याला पटले आहे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचायची, लाळ-खुरकुताची वर्षातून दोनदा टोचायची, हेही पटले आहे. रोग आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी चार रुपये खर्चावेत, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. मात्र हा हिशोब गोठ्यापर्यंत आणि वावरापर्यंतच चालतो. घराच्या उंबरठ्याच्या आत तो येत नाही. आज मी पिकावर लिहिणार नाही. पीक काढणाऱ्या माणसावर लिहिणार आहे, आणि त्यात माझीच एक चूक आधी सांगणार आहे.

साल २०१७, महिना सप्टेंबरचा. मी कापसाच्या पट्ट्यात होतो. गावाचे नाव लिहीत नाही. त्या वर्षी पऱ्हाटी अशी वाढली होती की काही वावरांत उभा माणूस दिसत नव्हता. गुलाबी बोंडअळीने बीटी कापसालाही जुमानायचे सोडले होते, आणि लोक घाबरून जे हाती लागेल ते फवारत होते. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी एका धुऱ्यावर गाडी थांबवली. रोजंदारीवर फवारणी करणारे एक मजूर पाठीला चार्जिंगचा पंप लावून तासातून बाहेर आले. अंगात बनियन, खाली गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले धोतर, पाय उघडे, तोंडाला दुपट्टा बांधलेला. दुपट्टा ओला होता, पाठही ओली होती. पंपाच्या झाकणातून पाणी झिरपत होते.

मी विचारले, काय फवारता, पंपाला किती टाकता? त्यांनी सांगितले. दोन औषधे आणि वर एक टॉनिक, तिन्ही एकत्र. मी प्रमाण जास्त असल्याचे बोललो, औषधे मिसळू नका म्हणालो, कामगंध सापळे लावण्याविषयी मालकाला पाच मिनिटे समजावले, त्यांच्याकडचा चहा घेतला आणि पुढच्या गावाला निघालो. अळीबद्दल बोललो, बोंडाबद्दल बोललो. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या ओल्या पाठीबद्दल एक शब्द बोललो नाही.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. दुपारी तीननंतर त्या मजुराला मळमळायला लागले, मग उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडातून लाळ गळू लागली. "ऊन लागलं असंल" म्हणून त्यांना झाडाखाली निजवले. लिंबूपाणी दिले. कोणीतरी दूध पाजले. दोन तास असेच गेले. मग तालुक्याला नेले, तिथून जिल्ह्याला. अकरा दिवस ते दवाखान्यात होते. देवाची कृपा आणि डॉक्टरांचे कष्ट, ते वाचले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची बायको खाटेजवळ जमिनीवर बसली होती. तिने मला ओळखले. रागावली नाही, आवाजही चढवला नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, तुमी तं सकायी तिथंच होते ना?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. चौकशा झाल्या, पथके आली, वर्तमानपत्रांनी लिहिले. त्यानंतर संरक्षक साहित्य वाटले गेले. त्यातले बरेचसे अजून माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत आहे, हे मी स्वतः घरोघरी पाहिले आहे.

"एवढी वर्षं फवारतो, मले काही होत नाही, सवय झाली" हे वाक्य मी हजार वेळा ऐकले असेल. म्हणून विष अंगात काय करते ते एकदा नीट समजून घेऊ. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे. आपल्या अंगात नसांतून निरोप जातो आणि हात हलतो, डोळ्यांत पाणी येते, तोंडात लाळ सुटते. निरोप पोचला की तो बंद करणारे एक द्रव्य शरीरात असते, त्याला कोलिनएस्टरेज म्हणतात. विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. हिरवे बटन दाबले की मोटार चालू, लाल दाबले की बंद. ही औषधे लाल बटनच निकामी करतात. मग मोटार चालूच राहते. घाम थांबत नाही, लाळ थांबत नाही, डोळे गळतात, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात, दंडाचे आणि मांडीचे मांस फडफडते. छातीत पाणी साचून दम कोंडतो आणि माणूस जातो तो बहुधा याच पायी.

आता सवयीचे. एक दिवस फवारले तर त्या द्रव्याचा थोडा भाग निकामी होतो. माणसाला काही जाणवत नाही. शरीर नवे द्रव्य तयार करते, पण फार सावकाश. पहिली भरपाई पूर्ण व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर आपण दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या वावरात पंप घेऊन उभे. म्हणजे ही सवय नव्हे, दुकानातली उधारी आहे. रोज थोडी थोडी वहीत चढते. दुकानदार बोलत नाही म्हणून आपल्याला वाटते, खाते बरोबर आहे. मग एखाद्या दिवशी, एरवी सहज सोसले असते एवढ्याशा विषाने माणूस कोसळतो आणि लोक म्हणतात, काल तर चांगला होता. ते मजूर आजारी पडायच्या आधी जवळजवळ वीस दिवस रोज फवारत होते, हे मला नंतर कळले. रोजी जास्त मिळते म्हणून माणूस हे काम सोडत नाही. त्याला दोष कसा द्यावा? पण मालकांनी तरी एकाच मजुराला सलग जुंपू नये. मध्ये डवरणी, निंदण, दुसरे काही काम द्यावे.

दुसरी समजूत अशी की विष तोंडाने किंवा नाकाने जाते, म्हणून तोंड बांधले की झाले. फवारणाऱ्याच्या अंगात जास्तीत जास्त विष कातडीतून शिरते. हात, पाठ, मांड्या आणि जांघ. जांघेतली कातडी पातळ, तिथून फार लवकर भिनते. घाम आला, अंग तापले की आणखी लवकर. ओले धोतर अंगाला चिकटून राहिले म्हणजे विषाचा लेप लावून दिवसभर फिरल्यासारखेच. तोंडाला बांधलेला दुपट्टा ओला झाला की तोही लेपच. म्हणून पहिली गोष्ट मास्क नव्हे, पंपाची गळती. हंगामाच्या आधी पंपात साधे पाणी भरून, पाठीला लावून वावराला एक फेरी मारा. पाठ ओली झाली तर झाकणाचा वायसर बदला. पाच-दहा रुपयांची वस्तू. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा.

संरक्षक कपड्यांविषयी मी खरे बोलतो. आमच्या खात्याच्या पुस्तिकेत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या माणसाचे चित्र असते. भाद्रपदाच्या उन्हात तो पोशाख घालून एक पंप मारून पाहा म्हणजे कळेल, मजूर तो का काढून टाकतात. मी घालून पाहिला आहे. अर्ध्या तासात जीव नकोसा होतो, आणि उन्हाचा त्रास वेगळाच. म्हणून झेपेल तेवढे तरी सोडू नका, असे मी सांगतो. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा आणि फुलपँट. पाठीवर, पंपाखाली, कोरे जाड प्लास्टिक. खताची किंवा औषधाची जुनी पिशवी नको. पायात गमबूट, पँट बुटाच्या बाहेर, नाहीतर ओघळ थेट बुटात उतरतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडावर औषध दुकानात फवारणीसाठी मिळतो तो मास्क. यातले मोजे आणि चष्मा सर्वांत महत्त्वाचे आहेत ते औषध कालवताना. तिथे बाटलीतले विष पाणी न मिसळलेले, जसेच्या तसे असते, आणि तिथेच माणसे उघड्या हाताने ढवळतात. मी एका वकील शेतकऱ्यालाही कोपरापर्यंत हात बुडवून ढवळताना पाहिले आहे, तेव्हा हा शिक्षणाचाही प्रश्न नाही.

वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. वारा पाठीवर घ्यावा, तोंडावर नव्हे. पऱ्हाटी छातीच्या वर गेली असेल तर दाट तासांत शिरून फवारू नये. २०१७ सालचा घात उंच पऱ्हाटीने आणि जोरात बारीक तुषार उडवणाऱ्या पंपांनी मोठ्या प्रमाणात केला. उपाशीपोटी जाऊ नये. मध्ये बिडी, तंबाखू, सुपारी नको. पाणी प्यायचे तर आधी साबणाने हात-तोंड धुवावे. एक बादली स्वच्छ पाणी आणि साबणाची वडी धुऱ्यावर ठेवली का, हे मालकाने फवारणी सुरू करण्याआधी पाहावे. काम संपले की घरी पोचेपर्यंत थांबू नये, तिथेच अंग धुवावे आणि दुसरे कपडे घालावेत.

डब्यावर तिरपा चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. वाचता येत नसले तरी रंग कळतो, घरातल्या बायाबापड्यांना आणि मुलांना तो दाखवून ठेवा. हिरवा म्हणजे सरबत, असे मात्र कोणी समजू नये.

आता त्रास झालाच तर. काम लगेच थांबवा. कपडे उतरवा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, केसही धुवा. मदत करणाऱ्याने स्वतःच्या हातात मोजे किंवा पिशवी घालावी. १०८ ला फोन करा. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्या, दोन-तीन औषधे मिसळली असतील तर सगळ्यांची न्या, कारण डॉक्टरांचा उपचार त्यावर ठरतो. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. दूध, तूप, लिंबूपाणी, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नका. फवारणीनंतर गूळ किंवा दूध घेतले की विष उतरते, असे एका वाचकाने मागे पत्रात लिहिले होते. उतरत नाही. दूध घरच्या पोरांना द्या.

ही झाली पुरुषांची बाजू. पण फवारणीचे ते कपडे धुते कोण? घरची बाई. तेही सगळ्या घराच्या कपड्यांबरोबर, एकाच पाटीत, उघड्या हाताने. ते वेगळे भिजवावेत, वेगळे धुवावेत, आणि ते ज्याने फवारले त्यानेच धुतले तर कोणाचा मान कमी होत नाही. दिवस गेलेल्या सुनेला तर त्या कपड्यांना हात लावू देऊ नये. रिकाम्या डब्यात रॉकेल, तेल, डाळ भरण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच टाकावे आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. भरलेली बाटली पलंगाखाली किंवा देवळीत नको, कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली एकाकडेच ठेवा. लहान मुलांसाठी तर हे आहेच. पण घरात कधी भांडण होते, कोणाचे मन फार खचलेले असते. त्या एका घटकेला बाटली हाताशी नसली तर ती घटका टळून जाते. मी जास्त लिहीत नाही, जाणत्यांना कळेल.

बायकांचे आणखी एक दुखणे आहे, ते दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खायचे आणि दिवसभर कापूस वेचायचा. मग दम लागतो, पाय ओढतात, डोळ्यांपुढे काजवे येतात. "कामाने होते" म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा ती रक्ताची कमतरता असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले होते. उपकेंद्रात बोटातून एक थेंब रक्त घेऊन तपासणी होते. बाईचे बारा आणि गरोदर बाईचे अकराच्या खाली असेल तर उपचार हवा. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण शौचाला काळे होते म्हणून घाबरून बाया त्या चुलीत टाकतात. काळे होणे हे त्या गोळीचेच लक्षण आहे, त्याने अपाय नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणून जेवणावरचा चहाही तासभर पुढे ढकलावा. ताटात लिंबाची फोड किंवा आवळा असावा. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, चवळी, तीळ हे आपल्या वावरातलेच आहे, विकत आणावे लागत नाही. आणि आठवड्यातून दोन दिवस तरी घरच्या बाईने सगळ्यांच्या पंगतीला बसून जेवावे. हे मी सांगितले तेव्हा एका गावात सासवा हसल्या होत्या. पण एक आजी म्हणाली, "खरं हाये, मी जलमभर खरवडच खाल्ली."

माझ्या स्वतःच्या घरातही दिव्याखाली अंधारच होता. २०१९ साली बाजारपेठेच्या गावी शेतकरी मेळावा होता, आरोग्य खात्याचा तंबूही होता. उद्घाटनाचा फोटो काढायला म्हणून मी खुर्चीवर बसलो आणि परिचारिकाबाईंनी दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १७० वर १०४. बाईंनी दहा मिनिटांनी पुन्हा घेतला, तरी तेवढाच. मला काहीही होत नव्हते. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती. वर्षानुवर्षे मी सांगत आलो की सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की उपाय करा, बोंडे किडल्यावर धावू नका. माझ्या अंगात कधीपासून पतंग पडत होते कोण जाणे, सापळाच लावलेला नव्हता. आता रोज गोळी घेतो. मध्ये बरे वाटते म्हणून महिनाभर सोडली होती, तेव्हा डॉक्टरांनी खरपूस समाचार घेतला. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त राहू लागला की दवाखाना गाठावा. तिशीनंतर वर्षातून एकदा उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, तिथे त्याचे पैसे पडत नाहीत. मीठ दिवसाला सगळे मिळून सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम पुरे. त्यात ठेचा, लोणचे, पापड, चिवडा सगळे आले. आमच्या सौभाग्यवतींनी लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे, आणि माझा हात तिथे पोचतो हे त्यांना ठाऊक नाही असे मी समजत होतो.

सापाविषयी चार ओळी, कारण दिवस त्याचेच आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार घातक. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा ना दुखते ना सुजते. सकाळी पोटात कळ, पापण्या जड. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि गमबूट. कडब्याच्या गंजीत, बोंडांच्या ढिगात आधी काठी, मग हात. चावलेच तर कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. चावलेला हात-पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत येत नाही. बिनविषारी सापामुळे त्याची विद्या गाजते, मण्यारीपुढे ती चालत नाही.

ते मजूर आज बरे आहेत. पंपाचे काम त्यांनी वर्षभर सोडले होते, पुन्हा धरले, पण आता दोन दिवस फवारले की पाच-सहा दिवस दुसरे काम करतात आणि मालकाकडून साबण, मोजे आधी मागून घेतात. एक-दोन मालकांनी त्यामुळे त्यांना बोलावणे सोडले, हेही सांगितले पाहिजे. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या गावी बोंडअळीची पाहणी करायला गेलो होतो. घाईत चपलेवरच वावरात शिरलो. ते धुऱ्यावर उभे होते. माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "साहेब, बूट कुठी हायेत तुमचे?" बूट गाडीच्या डिकीत होते. मी परत जाऊन घालून आलो, मग आम्ही दोघे तासात शिरलो. वीस फुले तपासली, दोन फुलांत अळी मिळाली.

पुढच्या अंकात तुरीवरच्या शेंगअळीबद्दल लिहीन. फवारणीच्या पंपाची गळती कोणी कशी बंद केली, याची काही घरगुती युक्ती असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावी.